परसातलं खोटं गवत

हे गेले त्याच्या पुढच्या वर्षी मुलीला जर्मनीत नोकरी लागली, आणि तिची दोन कुत्री अकोल्याहून अमरावतीला माझ्याकडे आली. एक म्हातारी लॅब्राडोर, मागच्या पायांनी अधू झालेली. दुसरा रस्त्यावरून उचलून आणलेला गावठी, एक कान उभा आणि एक पडलेला. त्यांची अंथरुणं, भांडी उतरवून झाल्यावर मुलगी म्हणाली, "आई, तुला सोबत होईल." मला रागच आला. सोबत मागितली होती कोणी? पण तिचं जायचं ठरलेलं होतं.

घरामागच्या परसात ह्यांचे वाफे होते. मेथी, पालक, कडेला दोन वांग्याची झाडं. ते गेल्यावर मी तिथे काही लावलं नाही, नुसती काळी माती उरली. पावसाळ्यात ती अशी धरून ठेवते की पाय निघतो, चप्पल तिथेच राहते. एकदा म्हातारी त्या चिखलात घसरली आणि तिला उठताच येईना. तिच्या पोटाखालून जुनी साडी घालून ओढायला गेले, तर मीही खाली बसले. शेजारच्या घराला कुलूप. आम्ही दोघी तशाच चिखलात, आणि गावठी आमच्याभोवती भुंकत फिरतोय. बऱ्याच वेळाने दूधवाला आला, त्याने तिला उचलून आत आणलं.

मुलीला फोनवर हे सांगितलं तर ती घाबरली. तिनेच तिकडे बसून माणूस शोधला. अकोल्याचा होता, हॉटेलांच्या गच्चीवर प्लास्टिकचं गवत बसवायचा.

दिवाळीनंतर तो आला, टेम्पोत गवताच्या गुंडाळ्या आणि दोन माणसं घेऊन. तिशीतला असेल. त्याने परस पाहिलं आणि विचारलं, "काकू, हे वांग्याचं झाड ठेवाचं हाय काय?"

झाड कसलं, वाळलेला खुंट होता. "काढा," म्हटलं आणि आत जाऊन कणीक भिजवायला घेतली. फावड्याचे आवाज ओट्यापर्यंत येत होते.

त्यांनी वरची माती काढली, गिट्टी आणि बारीक चुरी टाकून दाबली. कुत्र्यांच्या लघवीचं पाणी साचून वास मारू नये म्हणून नालीकडे उतार काढला. मग गवत अंथरलं, कडा कापून खिळे ठोकले. दुपारी मी सगळ्यांना झुणका आणि पोळ्या वाढल्या. एवढी कणीक कितीतरी दिवसांनी मळली होती. दिवसभर घरात हाका, हसणं, कुणाच्या तरी मोबाइलवर गाणी. संध्याकाळी टेम्पो गेला आणि मी विसळलेले ग्लास पुन्हा विसळत उभी राहिले.

गावठी त्या गवतावर लगेच लोळला. म्हातारी मात्र दारातच थांबली. हुंगायची, एक पाय ठेवायची, मागे घ्यायची. मी स्वतः जाऊन बसले तेव्हा कुठे आली, आणि घसरली नाही. त्या दिवशी मला बरं वाटलं, हे खरं. पण उन्हं वाढली तसं गवत तापू लागलं. दुपारी त्यावर पाय ठेववेना. मी पाइप घेऊन पाणी मारायची. शेजारीण गच्चीवरून म्हणाली, "अवो बाई, प्लास्टिकले पाणी देऊन राहिल्या काय? उगवत नाई ते!" आम्ही दोघीही हसलो. मग ती कपडे घेऊन खाली गेली.

त्याच आठवड्यात गावठ्याने एक कोपरा उचकटला. फार नाही, वीतभर. मी गवतवाल्याला फोन केला आणि म्हटलं, "सगळं निघून आलंय हो, लवकर या."

अमरावतीतच एका हॉटेलात काम होतं, जाता जाता तो आला. कोपरा पाहिला, दोन खिळे ठोकले आणि उठला. "काकू, एवढंच?"

"मला वाटलं, जास्त निघालंय."

त्याने हातोडी पिशवीत टाकली. चहा ठेवते म्हटल्यावर बसला. गावठी त्याच्या मांडीवर चढू पाहत होता. "एकट्याच राहता काय?" त्याने विचारलं. मी मान हलवली. तो त्या कुत्र्याचा पडलेला कान चोळत म्हणाला, "माही माय अकोटले राह्यते. फोन करते, नळ गळून राह्यला म्हणते. मी काम टाकून जातो, त नळ ठणठणीत. पयले लय चिडो मी."

"आता?"

"आता पाना घेऊन जातो. उगाच नळ आवळल्यासारखा करतो. मग जेवू घालते ते मले."

मी त्याच्यापुढे चहा ठेवला. लाज वाटली आणि हसूही आलं. तो चहा संपवून उठला. "येतो काकू. तिकडून येताना जमलं त डोकावतो," म्हणाला. जमलं नसावं.

रविवारी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिने नेहमीसारखं विचारलं, "कशी आहेस?" मी नेहमी ठीक म्हणायची. कुत्री दाखवायची, गवत दाखवायची, ती किती छान दिसतं म्हणायची. त्या दिवशी फोन माझ्याच तोंडासमोर धरून ठेवला.

"करमत नाही गं," म्हटलं.

ती कांदा चिरत होती. सुरी थांबली. मला वाटलं, आता समजावेल, नाहीतर इकडे ये म्हणेल.

"मलाही नाही करमत, आई."

तिने डब्याला टेकवलेला फोन सरळ केला आणि पुन्हा कांदा चिरायला घेतला. मी पायरीवर बसून तिचे हात बघत राहिले, तिची भाजी होईपर्यंत.