सासूबाईंचे उपास

दोन हजार सालाच्या आसपास आम्ही ओमानमध्ये, अल खौदला राहत होतो. पुण्याहून व्हिजिट व्हिसावर आलेल्या माझ्या सासूबाईंनी आल्या आल्या उपासांचा सपाटा लावला. सोमवार, गुरुवार, चतुर्थी. मग म्हणे शनिवारसुद्धा. नवरा कौतुकानं म्हणायचा, "आईची श्रद्धाच तशी." माझं डोकं फिरायचं. मी पार रुवीच्या बाजारापर्यंत जाऊन ज्वारीचं पीठ आणायचं आणि यांनी ताकावर दिवस काढायचा!

मग एकादशी आली. मी दाण्याचं कूट सढळ हातानं घालून साबुदाण्याची खिचडी केली. सासूबाईंनी ती नुसती चिवडली आणि ताटली सरकवली. तिथे माझी ट्यूब पेटली. उपासाचं माणूस एक वेळ देवाला विसरेल, खिचडीला नाही म्हणणार नाही.

"आई, खरं सांगा, काय होतंय?"

आधी चिडल्या, मग रडल्या. घास छातीत अडकत होता. वरून कितीही पाणी प्या, उतरत नव्हता. "परदेशात तुमच्या डोक्याला ताप नको, म्हणून उपास धरले गं."

हॉस्पिटलात पांढरं औषध पाजून फोटो काढले, मग स्कॅन. डॉक्टर म्हणाले, "दिल से निकलने वाली बड़ी नस फूल गई है, वही खाने की नली को दबा रही है." ती फुटली तर जिवावरच बेतणार होतं. ऑपरेशनलाही धोका होताच.

सासूबाईंनी एवढंच विचारलं, "फिर भाकरी खा सकूंगी?"

"इन्शाल्ला."

"मग यल्ला!" 'चला' म्हणायचा हा शब्द त्यांनी ओमानी शेजारणीकडून उचलला होता.

ऑपरेशन संपेपर्यंत मी दारासमोरून हलले नाही. रोज जिच्याशी वाद घालायचे, ती बाई मला हवी होती, अगदी तिच्या तिखट जिभेसकट. फुगलेला भाग काढून डॉक्टरांनी तिथे कृत्रिम नळी बसवली, आणि आमची बाई परत आली.

आधी पेज, मग मऊ भात. सगळं खायची परवानगी मिळाली ती नेमकी एकादशीला. मी साबुदाणा भिजवून ठेवला होता.

"भाकरी टाक," सासूबाई म्हणाल्या. "आणि कांदा फोड."

"अहो आई, एकादशी आहे!"

"असू दे. इतके दिवस धरले ते उपास काय कमी झाले?"

तव्यावरची भाकरी, कडक पापुद्र्याची. त्यांनी मोठा तुकडा मोडला, सावकाश चावला. मी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो हातानं बाजूला सारला, गिळलं आणि माझ्याकडे बघितलं.

"गेला गं," त्या म्हणाल्या. "दुसरी टाक."