ज्वारीचा आवाज

काल जुन्या जालन्यात धान्याच्या दुकानदाराने ज्वारीचं पोतं उघडलं आणि कोरडा, गोडसर वास आला. हातातली यादी हातातच राहिली. मी मनाने थेट सासरी, वडीगोद्रीच्या अंगणात पोचले.

लग्नानंतरचं पहिलंच वर्ष. ज्वारी वाळवून कणगीत भरायचं काम सासूबाईंनी माझ्यावर सोपवलं होतं. ओलसर भरली असती तर वर्षभराच्या भाकरीला बुरशी लागली असती. मी वहीत लिहून ठेवलं होतं, ऊन चार दिवस. चौथ्या संध्याकाळी मी म्हणाले, "झालं, भरू या."

"वहीला इचारलं, दाण्याला इचारलं का?" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. "तू चाव. मी आयकते."

मी दाणा चावला. त्यांनी माझ्या गालाला कान लावला. खोबरेल तेलाचा वास आला.

"न्हाई. मुकी हाय अजून."

माझी वही खोटी पडली म्हणून मी फुगून बसले. सहाव्या दिवशी मात्र दाताखाली 'कट्' झालं.

"बोलली बघ!" म्हणत त्या टाळ्या पिटून हसल्या. मीही हसले. माझे दात, त्यांचे कान, असं मिळून आम्ही कणगी भरली.

"आई, यादीत पुढं काय?" दुकानात लेकीने विचारलं.

माझी दाढ गेल्या महिन्यातच काढलीय. मी पोत्यातला एक दाणा तिच्या तळहातावर ठेवला.

"चाव," म्हटलं, आणि भर दुकानात तिच्या गालाला कान लावला.