कोकिळाताईंचा पहिला प्रश्न

तळोद्याच्या लॅबमध्ये कोकिळाताई सुई हातात घेण्याआधी प्रत्येकाला एकच विचारायच्या, "काय खाईसन उनात?" काय खाऊन आलात, एवढंच. पहाटेच्या जीपने डोंगरातून उतरलेली माणसं रक्त द्यायचं म्हणजे उपाशीच यायचं, असं धरून चालायची. ज्या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, तिच्यासाठी कुणी भुकेलं बसलेलं ताईंना खपत नसे. आधी त्यांच्या डब्यातली भाकरी, मग सुई.

माझ्या चारूलाही त्यांनी असंच आधी खाऊ घातलं. लिंबू, मोसंबी, संत्रं तोंडाला लागलं की घसा खाजतो, ओठ जड होतात, असं ती दोन वर्षं सांगत होती. मी शाळामास्तर, पोरांचे बहाणे ओळखण्यात माझा हातखंडा. "थोडं खा, काही होत नाही," हे माझं ठरलेलं वाक्य. बायकोने हट्ट धरला म्हणून रक्त तपासायला आणलं, इतकंच.

रक्त सुरतेला गेलं आणि चार दिवसांनी रिपोर्ट आला. ॲलर्जी आढळली नव्हती. मला कोण आनंद! संध्याकाळी मोसंबीचा रस पाजायचाच, असं मी तिथेच जाहीर केलं. ताईंनी रिपोर्ट माझ्या हातातून काढून घेतला.

"रगतनी सांगं नही, म्हनीसन पोर खोटी शे का?" त्या म्हणाल्या. "ती सांगी ऱ्हायनी ना? मंग तिन्हं आयका."

रक्ताच्या तपासणीतून कधीकधी ॲलर्जी निसटते. खात्री करायची तर डॉक्टरांसमोरच, घरी नाही, हे त्यांनी मला ढ विद्यार्थ्याला समजवावं तसं समजावलं. मी टाळाटाळ करतोय म्हटल्यावर सुट्टी टाकून दारात उभ्या राहिल्या आणि आम्हा बापलेकीला नंदुरबारच्या बसमध्ये बसवून स्वतः शेजारी बसल्या. तिथल्या दवाखान्यात डॉक्टरांनी औषधं तयार ठेवून चारूला रसाचे चार थेंब दिले. थोड्याच वेळात तिचा ओठ सुजला, अंगावर गांधी उठल्या. त्यांनी लगेच इंजेक्शन दिलं. चारू रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेल्या वर्षी ताईंनी काम सोडलं. निरोपाच्या कार्यक्रमात लॅबच्या मालकांनी लिंबू सरबत ठेवलं होतं. वाटणारे गृहस्थ चारूच्या हातात ग्लास देत म्हणाले, "थोडं घे, काही होत नाही."

माझंच वाक्य. मी उठणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मला चालत नाही." ते हसून पुन्हा आग्रह करू लागले, तशी तिने ग्लास शांतपणे परत त्यांच्या ट्रेमध्ये ठेवला. "मी सांगतेय ना, काका?"

सत्काराच्या खुर्चीतून ताई हे सगळं बघत होत्या. गळ्यातला हार जरा बाजूला सारून त्या माझ्याकडे वळल्या.

"सर, आयकं ना?"

"ऐकलं, ताई," मी म्हणालो, आणि माझाही ग्लास ट्रेमध्ये ठेवला.