दादाने पाडलेला ड्रोन

माझा थोरला भाऊ पुणे जिल्ह्यातल्या मालेजवळच्या आमच्या गावाचा पोलीस पाटील होता. त्या दुपारनंतर तो पाटील राहिला नाही.

भातकापणी चालली होती. रविवार म्हणून मीही बावधनहून गेले होते. धरणाकाठच्या रिसॉर्टवर उतरलेल्या एका म्हाताऱ्याला हृदयविकाराचा झटका आला. सुट्टीच्या दिवशी पुण्याच्या रस्त्यावर पौडापासून चांदणी चौकापर्यंत गाड्यांची रांग असते, म्हणून त्याच्या मुलाने हेलिकॉप्टर मागवलं. ते शाळेच्या मैदानात उतरणार होतं. ठाण्यातून दादाला फोन आला, मैदान मोकळं ठेवा. दादाने गुरं हाकलली, माणसं बांधापलीकडे नेली. म्हातारा रुग्णवाहिकेत होता, ओठ निळे पडलेले.

हेलिकॉप्टर जवळ आलं तेव्हा मैदानावर एक ड्रोन घिरट्या घालताना दिसला. टेकडीवर लग्नाआधीचे फोटो काढायला आलेल्यांचा तो होता. हेलिकॉप्टर खाली आलं, तसंच वर गेलं. पुन्हा तेच. दादाने टेकडीकडे माणूस पिटाळला, ठाण्याला फोन केला. वर कळवतो, थांबा, एवढंच उत्तर आलं. म्हाताऱ्याचा मुलगा फोन कानाला लावून रडवेला झाला होता. पायलट परत फिरणार होता.

आमचं घर मैदानाला लागूनच. दादाने रानडुकरांसाठी परवान्यावर घेतलेली बंदूक आणली, हेलिकॉप्टर लांब वळू दिलं आणि बार काढला.

ड्रोन सरळ खाली आला नाही. तिरका गरगरत बांधापलीकडच्या खाचरात गेला. तिथे आमची चुलती वाकून भात कापत होती. मी पोचले तेव्हा ती पेंढ्यांवर उपडी पडली होती. खांदा मोडला होता, मानेखाली ड्रोनच्या पात्याने चिरलं होतं. म्हाताऱ्याला घेऊन हेलिकॉप्टर उडालं. चुलतीला आम्ही त्याच रुग्णवाहिकेतून, त्या गाड्यांच्या रांगेतून पुण्याला नेलं.

ठाण्यात मी दादासोबत होते. अधिकारी वाईट माणूस नव्हता. कायद्याच्या लेखी ड्रोन हेही विमानच, तो कुणी पाडायचा ते सरकारने ठरवलंय आणि त्यात गावचा पाटील बसत नाही, असं त्याने समजावलं.

"मग मी करायचं काय हुतं, सायेब?"

"कळवायचं."

"कळवलं हुतं."

"पाटील, तो कुठं पडेल हे तुम्हाला ठाऊक होतं का?"

दादाने बंदुकीचा परवाना काढून टेबलावर ठेवला.

बंदूक जमा झाली, पद गेलं, गुन्हा दाखल झाला. विनापरवाना उडवल्याबद्दल ड्रोनवाल्यावरही झाला. म्हातारा वाचला. त्याच्या मुलाला मी साक्षीसाठी फोन केला. मी वडिलांपाशी होतो, काही पाहिलं नाही, असं तो म्हणाला आणि नंतर फोन उचलेनासा झाला.

दादाच्या वकिलाने चुलतीला सुचवलं, ड्रोन आपोआप पडला असं जबाबात सांगा. तिने ऐकलं नाही.

"त्यानं माणूस वाचिवला, ह्ये सांगीन. आन् माजा हात गेला, ह्ये बी सांगीन."

तिने तसाच जबाब दिला. खटला अजून उभा राहिलेला नाही. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. यंदा तिचं भात दादाने कापलं. ती बांधावर बसून होती.