पाव्हण्याचं आडनाव

"आडनाव गाण्यात बसत न्हाई, दादा."

'कुणाचा रे तू?' असं कुणी विचारलं की त्याचं हे उत्तर ठरलेलं. उत्तर देताना तो खांद्यावरचा गमछा एकदा झटकायचा आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांत बघत राहायचा. गेली काही वर्षं आमच्या बीड जिल्ह्यात हवा कशी आहे, हे तुम्हाला सांगायला नको. कुणाचा बैल उधळला तरी लोक आधी बैलवाल्याचं आडनाव विचारतात. अशा मुलखात असं उत्तर देणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर मार खायची तयारी ठेवून असतो. तो थोडा थोडा दोन्ही होता.

त्याचं आडनाव मला माहीत आहे, पण मी ते इथं लिहिणार नाही. तुम्हीही खोदून विचारू नका. विचारलंत, तर तुम्ही आमच्यातलेच.

माझं माजलगावात मंडप आणि साऊंडचं काम. तो मूळचा शिरूर कासारकडचा. आईबाप ऊसतोडीला जायचे. बाप गेला, आई अजून जायची. साखर कारखाना चालू असला की हा उसाचा ट्रॅक्टर चालवायचा आणि हंगाम संपला की माझ्याकडे मंडप बांधायला यायचा. पंचविशी ओलांडलेला काटक गडी. बांबू बांधता बांधता तोंडानं ताल धरायचा आणि त्या तालावर भराभरा बोलत सुटायचा. तो त्याला रॅप म्हणायचा, मी बडबड म्हणायचो.

"काका, तुमचं भजन बी बडबडच हाय की. निस्तं दमानं चालतंय." मी पडलो भजनी मंडळातला. त्यानं माझी अशी जागच्या जागी जिरवली.

या बडबडीतलं राजकारणही त्यानंच मला समजावलं. आधी सगळं मुंबईचं चालायचं. ज्यांनी समुद्र फक्त टीव्हीवर पाहिला होता ती आमची पोरंसुद्धा 'अपुन' अन् 'भाई' करत हातवारे करायची. मग पुणं वर आलं. मराठीत आलं, पण ती मराठी पुण्याची. एकदा हा पुण्याला स्पर्धेला गेला. याच्या ओळीत 'का'च्या जागी आमचं 'कावून' आलं आणि लोक हसले. परीक्षकांनी उच्चार सुधारायला सांगितलं. परत आल्यावर त्यानं त्या दिवशीच्या मंडपाच्या गाठी इतक्या आवळल्या की सोडताना दोर कापावे लागले. दोर माझे होते, म्हणून माझ्या लक्षात आहे.

"आपण कावून जावं त्यांच्या दारात?" तो म्हणाला. "त्यांनी यावं की इकडं. आपल्या मातीत उभं ऱ्हावं, बोलावं, ऐकावं, आन् नीट घरी जावं."

त्याची मागणी एवढीच होती. त्यातलं शेवटचं 'नीट घरी जावं' तुम्हाला विनोदी वाटेल. आमच्याकडे ते विनोदी नाही.

पुढं त्यानं आईच्या टोळीवर, ऊसतोड्यांच्या त्या जथ्यावर, एक गाणं केलं. ते मोबाइलवर बरंच फिरलं. पुण्यातल्या एका नावाजलेल्या रॅपरनं त्याची टिंगल केली. यानं मोबाइलवरूनच उत्तर दिलं, "दम असंल तर माजलगावला ये." आणि तो पठ्ठ्या चक्क येतो म्हणाला!

आता हा सामना कसा असतो ते सांगतो, मलाही तेव्हाच कळलं. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं आणि आळीपाळीनं, तालावर, एकमेकांची लाज काढायची. ज्याची ओळ जास्त झोंबेल तो जिंकला. आईबापसुद्धा सुटत नाहीत. खाली उतरल्यावर दोघं गळ्यात गळे घालून चहा पितात. हा रिवाज त्याला ठाऊक होता, पुण्याच्या पोराला ठाऊक होता. माजलगावाला ठाऊक नव्हता.

आमच्या पोरांना कार्यक्रम म्हटला की जयंतीचाच कार्यक्रम येतो. त्यांनी तसाच केला. फ्लेक्स, दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुण्यांची भाषणं. पुण्याच्या पोराला शाल, नारळ आणि फेटा. तो फेटा यानं स्वतःच्या हातानं बांधला. याच्या आईचाही सत्कार केला आणि तिला पुढच्या रांगेत मधोमध बसवलं. ज्याच्याकडून आपली लाज काढून घ्यायची त्यालाच आधी फेटा बांधणारी माणसं जगात फक्त आमच्याकडे असतील.

ऊन उतरल्यावर सामना सुरू झाला. मी स्टेजच्या बाजूला आवाजाच्या मिक्सरवर होतो. पहिली फेरी गोडीत गेली. यानं पुण्याच्या वाहतुकीची टर उडवली, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मला वाटलं, चला, निभावलं. मग पुण्याच्या पोरानं माईक तोंडाशी घेतला.

"माईक ठेव, कोयता उचल, तेच तुझं काम,
आई तुझी फडात राबते, तू विकतोस तिचा घाम!"

पुण्यात यावर टाळ्या पडल्या असत्या. इथं एकही पडली नाही. नुसता ताल वाजत राहिला. मागून कुणीतरी ओरडलं, "आई काढली त्यानं!" आणि माणसं उभी राहू लागली. एकामागोमाग एक खुर्ची घडी होत होती. घडी झालेली खुर्ची बसायला नसते, हे साऊंडवाल्याला सांगावं लागत नाही.

मग तो प्रश्न आला.

"आडनाव काय बे त्याचं?"

तोवर ती एका पोराची एक ओळ होती. आडनाव कळलं असतं, तर ती एका जातीनं दुसऱ्या जातीला दिलेली शिवी झाली असती, आणि अंधार पडायच्या आत गावोगावी रस्त्यावर टायर जळाले असते. माझा इलेक्ट्रिशियन कानाशी ओरडला, "काका, बंद करा आवाज!" मी केला नाही. आमच्या धंद्यात एक शहाणपण आहे: भांडण पेटलं की आवाज बंद करायचा नाही. आवाज चालू आहे तोवर माणसं प्रेक्षक असतात, बंद झाला की ती दगड शोधायला लागतात.

एक खुर्ची येऊन स्टेजच्या कडेला आदळली. पुण्याच्या पोराबरोबर आलेला कॅमेरावाला स्पीकरच्या मागं गेला. आणि ते फेटा बांधलेलं पोर, पांढरंफटक पडलेलं, माफी मागायला म्हणून भाबडेपणानं पुढं आलं अन् माईकवर म्हणालं, "हे बघा, माझं नाव..."

यानं झडप घातली आणि त्याच्या माईकवर पंजा दाबला. दुसऱ्या हातात स्वतःचा माईक होता.

"पाव्हणा!" तो ओरडला. "पाव्हणा हाय त्याचं आडनाव. आन् कुणाला पायजे?"

खुर्च्या मात्र कुणी खाली ठेवल्या नाहीत. याची छाती भात्यासारखी हलत होती. एकदा त्यानं आईकडं बघितलं. भोवती सगळे उभे होते आणि ती एकटी बसून होती, सत्काराची शाल मांडीवर घेऊन. मग यानं ताल पकडला. पण तोंड पुण्याच्या पोराकडं केलं नाही, आमच्याकडं केलं.

"खरं बोलला पाव्हणा, तुमी कावून तापता?
माय माझी ऊस कापती, तुमी माणूस कापता?"

मी आयुष्यात पुष्कळ सभा वाजवल्या आहेत. मोठमोठ्या पुढाऱ्यांना जे जमलं नाही, ते त्या दोन ओळींनी केलं. मागं कुणीतरी एकट्यानं टाळी वाजवली आणि घाबरून थांबवली. पुढचे दोघे-तिघे खाली बघू लागले. लोकांना पटलं असं मी म्हणणार नाही. ते शरमले, आणि त्या घडीला तेवढं पुरलं.

त्यानं पुण्याच्या पोराचा हात धरला आणि त्याला गर्दीतूनच बाहेर काढलं. मागच्या बाजूनं वाट होती, मी खूणही केली. "मागून नेलं तर चोर वाटंल, काका." माणसं बाजूला होत गेली, पण एकेकाचे दात आवळलेले मला दिसत होते. माझ्या पिकअपमध्ये बसवून आम्ही त्या दोघा पुणेकरांना गेवराईच्या रस्त्याला लावलं. गाडीत ते पोर म्हणालं, "दादा, मी आईंबद्दल तसं मनापासून नव्हतो म्हणालो."

"मला म्हाईत हाय की. ओळ चांगली व्हती," हा म्हणाला. "लई झोंबली."

परतताना मी त्याला विचारलं, त्याला द्यायला उत्तर नव्हतं का तुझ्याकडे?

"व्हतं की. लई कडक व्हतं. तिथंच सुचलं व्हतं."

"मग?"

"लोकांच्या हातात खुर्च्या व्हत्या, काका."

आम्ही पोचलो तोवर निकाल लागलेला होता. पोरांनी बोलावलेले परीक्षक नियमाची माणसं. यानं प्रतिस्पर्ध्याला एक शब्दही टोचला नव्हता, सगळं आपल्याच लोकांना बोलला होता. पुणं जिंकलं.

आणि माजलगाव चिडलं ते याच्यावर! आईला बोललेलं ऐकून घेतलं, वर आपल्याच माणसांना खुनी म्हणाला. त्याच्या मोबाइलवर काय काय आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मंडपाच्या कामावर पोरं त्याच्याशेजारचा बांबू धरायला तयार होईनात. त्यानं बोलणं कमी केलं, मग तोंडानं ताल धरणंही थांबलं. मला त्याची बडबड नको असायची, आणि आता ती नाही म्हणून मंडप खायला उठायचा. दसरा झाल्यावर तो आईला घेऊन टोळीबरोबर कर्नाटकात गेला तो गेलाच. हंगाम संपला, टोळ्या परत आल्या. तो तिकडंच राहिला.

गंमत पुढंच आहे. त्याच्या त्या दोन ओळी पुण्यात गेल्या, मुंबईत गेल्या. 'कावून'ला हसणारे आता जिभेला पीळ देऊन 'कावून' म्हणू लागले. आणि परवा, पुढचा हंगाम सुरू झाल्यावर, न बोलावता, आपणहून ते सगळे माजलगावला आले. पुण्याचा तोच पोरगा, मुंबईचे दोघे, नागपूरचा एक. साऊंड माझाच. फ्लेक्सवर चौघांचे फोटो होते, याचा कुठंही नव्हता. पुण्याच्या पोरानं माईकवर विचारलं, "तो कुठंय?"

मी त्याला फोन लावला. तो तिकडच्या कारखान्यासमोर ट्रॅक्टरच्या रांगेत होता.

"आलेत रे," मी म्हणालो. "सगळे आलेत. तुझ्याच ओळी म्हणतायत. ऐक." मी फोन स्पीकरच्या दिशेला धरला. मग पुन्हा कानाला लावला.

"ऐकू आलं का?"

"काका, लोकं उभी हायत का बसल्यात?"

मी मंडपात नजर फिरवली. पार शेवटच्या रांगेपर्यंत बघितलं.

"बसलीत."

"समदी?"

"सगळी. खुर्च्यांवर."

त्यानं सोडलेला श्वास मला त्या गोंगाटातही ऐकू आला. तो म्हणाला, "मंग चालू द्या," आणि फोन ठेवला.