बाबाजींनी चाखलेली रेती

रेती खारी की गोडी हे ओळखायला बाबाजींना जीभ पुरायची. लॉरी आली की चिमूटभर रेती तोंडात टाकायची, जरा थांबायचं आणि थुंकायचं. थुंकून मान हलवली तर लॉरी रिकामी होई. नाही हलवली तर ड्रायव्हर मुकाट्याने गाडी वळवी. ही विद्या त्यांना हरिश्चंद्र गवंड्याने दिली होती. घमेली उचलता उचलता बाबाजी गवंडी झाले, गवंड्याचे सुपरवायझर झाले, मिशा पांढऱ्या झाल्या, पण रेती चाखायची सवय सुटली नाही. खाडीच्या रेतीत मीठ असतं, मीठ सळई खातं आणि दहा वर्षांत स्लॅबचे पोपडे खाली बसलेल्यांच्या डोक्यात पडतात, एवढंच त्यांचं शास्त्र. तेवढ्यावर त्यांनी तीस वर्षं काढली आणि एकाही छपराने त्यांना खाली मान घालायला लावली नाही.

२००४ साली जयगडच्या रस्त्यावर, त्यांच्याच गावात, शाळेची नवी इमारत निघाली. काम पुण्याच्या एका कंपनीला मिळालं. कंपनीने सुपरवायझर म्हणून बाबाजींना ठेवलं आणि वर इंजिनीयर म्हणून यज्ञेश नावाचा सव्वीस वर्षांचा मुलगा पाठवला. यज्ञेशबरोबर कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी पत्र्याची शेड, शेडीला पंखा, आणि कॉम्प्युटर चालवायला रत्नागिरीची दीप्ती. मजुरांना सावली मिळाली नाही ती नाहीच.

त्या कॉम्प्युटरात बांधकामाचं सॉफ्टवेअर होतं आणि सॉफ्टवेअरात यज्ञेशने स्वतः तयार केलेली तपासणीची चेकलिस्ट. शहाण्णव प्रश्न! पुण्यातल्या अकरा मजली इमारतीसाठी केलेला नमुना त्याने नाव बदलून इथे डकवला होता. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, तरी प्रश्न होता : विटा भिजवल्या का? शाळा एकमजली, तरी प्रश्न होता : लिफ्टचा खड्डा तपासला का? दीप्ती बिचारी विचारायची, "बाबाजीकाका, काय लिहू?"

"लिही हो म्हणून. चिऱ्यांस कुटं राग येतोय!"

उंटावरून शेळ्या हाकणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. पण या गड्याला शेळ्याही दिसत नव्हत्या. सगळ्यांत भारी गंमत पुढेच होती. आधी प्रत्येक प्रश्नापुढे 'होय' आणि 'नाही' असे दोन पर्याय होते. 'नाही' दाबलं की पुण्यातल्या हेड ऑफिसात लाल खूण उमटायची आणि साहेब फोनवर झापायचे. दोनदा झापून घेतल्यावर यज्ञेशने इलाज केला. कामातली चूक नाही काढली, 'नाही' काढून टाकलं. त्यानंतर रिपोर्ट कधी लाल झाला नाही. पुण्याहून शाबासकी आली.

स्लॅबचा मंगळवार उजाडला. वरचं फळ्यांचं सेंटरिंग तयार, सळई बांधलेली, मिक्सर धडधडत होता. पहाटे, बाबाजी यायच्या आधीच, रेतीच्या तीन लॉऱ्या रिकाम्या झाल्या होत्या. बाबाजींनी चिमूट तोंडात टाकली आणि त्यांचं तोंड खारट झालं. खाडीची, अगदी ताजी. ते शेडीकडे गेले.

"सायेब, रेती खारी हाय. स्लाब टाकायचा नाय."

"अहो, रेती तपासली म्हणून गेलंय," यज्ञेश म्हणाला. "दहाच्या आत रिपोर्ट लागतो. सकाळीच पाठवला."

"तपासली कोनी?"

दीप्तीने पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर लिहिलं होतं : रेती तपासली, होय. स्लॅब टाकला, होय. तपासणारे, बाबाजी.

बाबाजींच्या डोक्यात तिडीक गेली. "माजा नाव पूस गो बाय."

"पाठवलेला फॉर्म परत उघडत नाही, काका."

हातच्या काकणाला आरसा कशाला? बाबाजींनी मूठभर रेती आणली आणि टेबलावर, कीबोर्डच्या शेजारी ठेवली. "चाखा."

दारातून मजूर बघत होते, म्हणून यज्ञेशने चार कण जिभेला लावले. लगेच थुंकला. दीप्तीच्या बाटलीतलं पाणी घेऊन दोनदा चूळ भरली. मग रुमालाने ओठ पुसत म्हणाला, "सुरू करा काम."

बाबाजींनी आयुष्यात आडमुठे पाहिले होते, चोर पाहिले होते. खारट तोंडाने खोटं बोलणारा माणूस त्यांनी पहिल्यांदा पाहिला. ते जाऊन रेतीच्या ढिगावर बसले.

घमेलं घेऊन पुढे उभी होती तुळसा. तिची मुलगी राही याच शाळेत सातवीला. तिने वाकून रेती चाखली, पचकन थुंकली आणि घमेलं पालथं ठेवलं. मागच्या अठरा बायांनीही ठेवली. मिक्सर रिकामाच फिरत राहिला. यज्ञेशने पुण्याला फोन लावला. तिकडच्या साहेबांना काही कळेना, कारण त्यांच्या पडद्यावर स्लॅब झालेला होता. दुपारपर्यंत गावातले आईबाप जमले, शाळा समिती जमली, आणि यज्ञेशची ऐट उतरली. रेती पुन्हा लॉऱ्यांत भरून परत गेली. बाबाजींचं कामही गेलं. उद्यापासून यायचं नाही, असं त्यांना त्याच संध्याकाळी सांगण्यात आलं.

नदीची गोडी रेती शनिवारी आली. बाबाजी सकाळी सातलाच हजर. पगार नाही, हुद्दा नाही, कुणी बोलावलेलं नाही. त्यांनी प्रत्येक लॉरी चाखली, मान हलवली, आणि शेवटचं घमेलं पडेपर्यंत उन्हात उभे राहिले. यज्ञेश दोनदा शेडीच्या दारात येऊन परत गेला. तिसऱ्यांदा मात्र जवळ आला.

"बाबाजी, तुम्हाला काढलंय ना? इथे कुठल्या नात्याने उभे आहात?"

बाबाजींनी ओल्या स्लॅबवरून नजरसुद्धा हलवली नाही.

"तुमचा स्लाब मंगलवारीच झाला, सायेब. घरी जावा. ह्यो माजा हाय."