सातवी 'ब'ची कृतीची वही

शिक्षकाला किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. रोज चाळीस-पन्नास पोरं समोर बसलेली असतात, त्यातलं एखादं तरी दिवसभरात काहीतरी बोलतंच. वर्ष संपेपर्यंत इतकं साठतं की घरी सांगून संपत नाही. त्यातही मी संगमनेरहून मिरजगावला नोकरीला गेले ती पहिली दोन-तीन वर्षं, म्हणजे सत्तर साल उलटल्यानंतरची, जरा जास्तच भरलेली होती. कारण मी सातवी 'ब'ला निबंधाऐवजी कृती लिहायला लावली होती.

कृती म्हणजे एखादं काम कसं करायचं ते पायरीपायरीनं लिहायचं. मला हे सुचलं ते वैतागून. 'माझा आवडता ऋतू' या विषयावर सगळ्या वर्गानं एकच निबंध लिहिला होता, गाइडातला. म्हटलं, ज्यातलं गाइडात काही सापडणार नाही असं लिहायला सांगू.

*

पहिला विषय दिला, 'चहा कसा करावा'. दुसऱ्या दिवशी घरून स्टोव्ह, पातेलं, साखर, पावडर असं सगळं वर्गात नेलं आणि बबनची वही उघडली. बबन वर्गातला हुशार मुलगा.

त्यानं लिहिलं होतं, "प्रथम स्टोव्ह पेटवावा. नंतर त्यावर दोन कप पाणी टाकावे."

मी स्टोव्ह पेटवला आणि त्यावर दोन कप पाणी टाकलं. फुस्स झालं, रॉकेलचा धूर वर्गभर झाला, पुढच्या बाकावरच्या मुली खोकायला लागल्या.

बबन उठून उभा राहिला. "बाई, पातेल्यात टाकायचं असतं."

"हे कुठं लिहिलंय?"

"ते समद्यांना म्हाईत असतं."

"मला नाही माहीत. मी काल चंद्रावरून आलेय."

तेवढ्यात धूर पाहून हेडमास्तर दारात आले. कडक माणूस. त्यांनी स्टोव्हकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"काय चाललंय बाई?"

"चहा करतेय सर. बबनच्या पद्धतीनं."

"पुन्हा करू नका," एवढंच म्हणून ते गेले. माझी नोकरी तेव्हा तात्पुरती होती, त्यामुळं ते वाक्य मी दिवसभर पोटात घेऊन फिरले. पण त्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकानं घरी जाऊन चहाची कृती पुन्हा लिहिली. बबनची साडेतीन पानं भरली. सुरुवात होती, "पातेले म्हणजे ज्याला बूड असते ते."

*

शेवंता नावाची एक मुलगी होती. निबंधात तिला कधी दहापैकी तीनच्या वर मार्क मिळाले नाहीत. विचारलं तर मान खाली. मी सांगितलं, तुला जे काम सगळ्यात चांगलं येतं ते लिही. तिनं लिहिलं, 'शेळीची धार काढणे'.

मी म्हटलं, चला, करून बघू. मी जन्मात शेळीला हात लावला नव्हता. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा वर्ग घेऊन तिच्या घरी गेले. वही एका मुलीच्या हातात दिली आणि ती मोठ्यानं वाचायला लागली.

"शेळीला आधी हाक मारा. तिचे नाव चांदी आहे. ती बघेपर्यंत जवळ जाऊ नका."

मी हाक मारली. चांदीनं पाहिलं.

"तिच्या मागे बसू नका, बाजूला बसा. सड ओढू नका. अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट वरती आवळून धरा, म्हणजे दूध वर पळणार नाही. मग बाकीची बोटे एकेक करून मिटा."

मी तसं केलं. काही आलं नाही. मुलीनं पुढचं वाचलं, "दूध आले नाही तर शेळीवर रागावू नका. पुन्हा पहिल्यापासून वाचा."

पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पुन्हा हाक मारली. या खेपेला तांब्यात चर्र करून धार पडली. मी इतकी खूश झाले की पाऊण तांब्या होईपर्यंत उठलेच नाही.

शेवंता दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिची आई लेकीकडं वळून म्हणाली, "तुज्या लिवन्यानं बाईंना धार काडता आली गं."

मी तिथंच दहापैकी दहा मार्क दिले. वहीवर दुधाचा डाग पडला तो वर्षअखेरपर्यंत होता.

*

मधे हेडमास्तरांना एका मुलाच्या वडिलांना भेटायचं होतं. मुलगा माझ्याच वर्गातला. सर म्हणाले, "तुमची पोरं एवढी लिहितात, तर घराचा पत्ता लिहून मागा."

मुलानं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. शेवटची ओळ होती, "पुढे एक म्हैस दिसेल. तिच्यापासून उजवीकडे वळावे. समोर आमचे घर."

सर अर्ध्या तासात परत आले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं.

म्हैस पाण्यावर गेली होती. सरांना ती ओढ्यात दिसली. त्यांनी प्रामाणिकपणे तिच्यापासून उजवीकडे वळण घेतलं.

मला वाटलं, आता आपली कृती बंद. सरांनी पाय धुतले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बाई, वर्गाला एक नियम सांगा. खुणेला जनावर नको." मग धोतर पिळत, "हे शिकवणं चालू ठेवा. गरज आहे."

*

भाकरीच्या कृतीत मी एक शब्द बंद केला होता. 'थोडं'. थोडं पाणी, थोडं मीठ, थोडं पीठ असं लिहायचं नाही. किती ते लिहायचं.

आठवड्याभरात हौसाबाई नावाची एक आई तरातरा शाळेत आली. कमरेला पदर खोचलेला.

"बाई, काय शिकिवता हो पोरींना? पोरगी मला सुदरू दीना. मूठभर पीठ म्हनलं की माजी मूठ फुटपट्टीनं मोजती. तवा किती तापवायचा म्हनलं तं म्हनती, 'तापला हे कशावरनं वळखायचं ते सांग.' मी वीस वर्सं भाकरी थापतीय, मला कुनी असं इचारलं न्हाई."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं. पान्याचा थेंब टाक, नाचला की तापला."

"तिनं लिहिलं?"

"लिवलं." हौसाबाई जरा खाली बसल्या. आवाज उतरला. "दोन दिस माहेरी गेल्ते. परत आले तं टोपल्यात भाकरी. नवऱ्यानं केल्त्या. पोरगी श्याळंत हुती, ह्यांनी भितीला वही टेकवून वाचून वाचून केल्या. जाड हुत्या, पन भाकरीच."

त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"तेवढं कालवनाचं बी लिवून घ्या."

*

इन्स्पेक्शनला नगरहून साहेब आले. माझी नोकरी कायम व्हायची की नाही ते त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. राहायला भिंगारला, कपडे कडक इस्त्रीचे, डोकं उघडं. त्यांनी कृतीची वही चाळली आणि मिटली.

"हे अभ्यासक्रमात कुठं आहे?"

"लेखनात आहे साहेब."

"निबंध, पत्र, कल्पनाविस्तार. यातलं हे काय आहे? वाचून कुणाला काम येत असतं का? काम बघून येतं."

हेडमास्तर माझ्या शेजारी उभे होते. ते म्हणाले, "साहेब, तुम्हाला फेटा बांधता येतो?"

"नाही. कधी वेळ आली नाही."

"मारुती, तुझी वही आण."

मारुतीनं 'फेटा बांधणे' लिहिलं होतं. हेडमास्तरांनी शिपायाचा फेटा मागून घेतला. साहेब आधी हसले, मग नाही म्हणाले, पण सगळा वर्ग बघत होता, म्हणून उठले. मारुती वाचत गेला. एक टोक पाठीवर किती लोंबतं ठेवायचं, पहिला वेढा कुठल्या कानावरून घ्यायचा, दुसरा पहिल्याला अर्धा झाकेल असा कसा घ्यायचा. दोनदा सुटला. दोन्ही वेळा मारुती शांतपणे म्हणाला, "साहेब, तिसऱ्या पायरीपासून."

शेवटची पायरी होती, "डोके जोरात हलवून पाहा. डोके हलले तर चालेल, फेटा हलता कामा नये."

साहेबांनी डोकं हलवलं. फेटा हलला नाही. वर्गानं टाळ्या वाजवल्या. साहेब खिडकीच्या काचेत दोन मिनिटं स्वतःला बघत उभे राहिले.

शेरेबुकात त्यांनी लिहिलं, "सूचना स्पष्ट आहेत. बाईंना कायम करण्यास हरकत नाही." शिपायाला विचारून फेटा डोक्यावर तसाच ठेवून एसटीत बसले. पुढच्या खेपेला परत द्यायला आले तेव्हा म्हणाले, "घरी गेलो तर बायको दार उघडेना. म्हणाली, साहेब घरी नाहीत, नंतर या."

*

दुष्काळाच्या वर्षी गावात बोअर पाडलं आणि त्यावर हापसा बसवला. सगळ्या गावाला तेवढंच पाणी. माझीही घागर त्याच रांगेत असायची. रांगेत विमलच्या वस्तीतल्या बायका शेवटी थांबायच्या. असं कुणी सांगितलेलं नव्हतं, पण तसं चालायचं. विमल माझ्या वर्गात होती. तिच्या घरच्यांनी तिच्या जन्माच्या सुमारास बौद्ध धम्म घेतलेला.

एकदा हापसा बिघडला तेव्हा नगरहून मिस्त्री आला आणि दुरुस्त करून गेला. त्या आठवड्यात माझा विषय होता, 'तुम्ही पाहिलेले एक काम'. विमलनं हापशाची दुरुस्ती लिहिली. चौदा पायऱ्या. मी वाचून चांगला शेरा दिला आणि वही माझ्याजवळ ठेवून दिली.

दोन महिन्यांनी दांडा नुसताच वर-खाली व्हायला लागला. पाणी येईना. मिस्त्रीला निरोप गेला, तो कर्जतच्या पलीकडं कुठं अडकलेला. एक दिवस गेला, दुसरा गेला. गावातल्या घागरी कोरड्या. पुरुष सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेले. विमलही आईबरोबर गेलेली.

तिसऱ्या दिवशी मला वही आठवली. ती घेऊन हापशावर गेले. रांगेच्या तोंडाशी सरपंचांच्या आई होत्या. त्यांना सगळे आक्का म्हणत. मी म्हटलं, "आक्का, विमलनं हे लिहिलंय."

"कोन विमल?"

कुठल्या वस्तीतली ते मी सांगितलं. आक्का क्षणभर वहीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वाचा."

त्यांची सून पुढं झाली. "बाई, द्या हिकडं. मी चौथी शिकलेय."

ती वाचत गेली. सायकलच्या दुकानातून बोल्ट खोलायचे दोन पाने आणले. वरचं झाकण काढलं. "आत लोखंडी सळई दिसेल. बोल्ट काढण्याआधी ती एकीने घट्ट धरावी. सुटली तर खाली बोअरमध्ये जाईल, मग आपल्या हातात काही राहणार नाही." दोघींनी धरली. "बोल्ट झिजला असेल तर तोच परत घालू नये. इंजिनाच्या दुकानात दाखवून तेवढाच जाड आणावा." झिजलेलाच होता. एक बाई पळत जाऊन नवा घेऊन आली. घट्ट आवळला, झाकण बसवलं.

"आता वीस वेळा हापसा. पाणी लगेच येत नाही. घाबरू नये."

आक्कांनी स्वतः दांडा धरला. सगळ्या मोजायला लागल्या. सतराव्याला पाणी आलं.

संध्याकाळी कामावरून परतलेली विमल घागर घेऊन आईबरोबर आली आणि रोजच्यासारखी रांगेच्या शेवटी उभी राहिली. आक्का हापशाजवळच बसलेल्या होत्या. त्यांनी मान वळवून पाहिलं.

"ती विमल का गं तू?"

"व्हय."

"मिस्त्री आला तवा कुटं हुबी हुतीस?"

"हितंच. मागं."

"मागं हुबी राहून एवढं बघितलंस." आक्कांनी आपली भरत आलेली घागर हापशाखालून बाजूला सरकवली. "पुढं ये."

विमलनं आईकडं पाहिलं. मग दोघी पुढं गेल्या.